उत्तर न सांगणारे पोल्या सर

फळ्यावर सर गणित सोडवून दाखवतात. पहिली ओळ कळते, दुसरी कळते, शेवटी उत्तर येतं आणि तुम्ही मान डोलावता. घरी येऊन वही उघडली की आकडे बदललेलं तसलंच गणित समोर येतं आणि पहिल्याच ओळीला गाडी अडते. आकृतीत सरांनी मध्येच एक रेघ मारली होती. ती नेमकी तिथेच मारायची हे त्यांना सुचलं कसं? ते कुणी सांगितलेलंच नसतं. आपणही विचारत नाही, कारण विचारलं तर चारचौघांत ढ ठरायची भीती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडापेस्टमधल्या एका कॉलेजकुमाराला हाच प्रश्न छळत होता. व्याख्यान ऐकायचं, सिद्धता बिनचूक आहे हे मान्य करायचं आणि मग डोकं खाजवत बसायचं, की ही मुळात कुणाला कशी सुचली? आणि मला स्वतःला अशी सुचायची तर मी काय करायला हवं? आपण हा प्रश्न परीक्षेनंतर विसरून जातो, त्याने तो जन्मभर सोडला नाही. 97 वर्षांच्या आयुष्यातला मोठा काळ त्याने प्रश्न सोडवायला शिकवण्यात घालवला, आणि त्यातही जे उद्या शिक्षक होणार किंवा आज शिक्षक आहेत त्यांना शिकवण्यात. त्याचं नाव जॉर्ज पोल्या. हंगेरियन माणूस ते आडनाव ‘पोया’ असं उच्चारेल, पण आपण स्पेलिंगवरून पोल्याच म्हणत आलोय, तेच ठेवू.

तुम्हाला वाटेल, हा लहानपणापासून गणितात हुशार असणार. तसं काही नव्हतं. जन्म 13 डिसेंबर 1887चा. वडील वकील. तो दहा वर्षांचा असतानाच ते गेले. शाळेत त्याचा ओढा भाषा आणि साहित्याकडे होता, गणिताकडे नव्हता. त्याचं कारणही त्याने पुढे स्पष्ट सांगितलंय. शाळेत गणिताचे तीन शिक्षक मिळाले, त्यातला एक चांगला होता आणि बाकीचे दोघे अगदीच भिकार. पुढे आयुष्यभर शिक्षकांच्या मागे लागलेल्या माणसाची सुरुवात अशी झाली, हे लक्षात ठेवा. आणखी एक गंमत. हंगेरीत शाळा संपवणाऱ्या हुशार मुलांसाठी इओट्वोश नावाची गणिताची स्पर्धा असायची. पोल्या त्या स्पर्धेला बसला आणि पेपर न देताच बाहेर पडला.

आईची इच्छा, मुलाने वडिलांसारखं वकील व्हावं. एक सत्र कायदा शिकून झाला, कंटाळा आला, सोडला. मग भाषा आणि साहित्य घेतलं आणि लॅटिन व हंगेरियन शिकवण्याचं प्रमाणपत्रही मिळवलं. म्हणजे कागदोपत्री हा आधी भाषाशिक्षक! मग तत्त्वज्ञानाची ओढ लागली. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं, तत्त्वज्ञान नीट कळायचं तर थोडं भौतिकशास्त्र आणि गणित कर. भौतिकशास्त्र शिकवायला लोरँड इओट्वोश, गणिताला लिपोट फेयेर. अशी माणसं भेटल्यावर व्हायचं तेच झालं. पोल्या गणितात अडकला. पुढे तो थट्टेने सांगायचा, की भौतिकशास्त्राला आपण पुरे पडत नव्हतो आणि तत्त्वज्ञानासाठी जरा जास्तच बरे होतो, म्हणून मधलं गणित धरलं. कोर्स बदलला म्हणून घरच्यांची बोलणी खाणाऱ्यांनी हा परिच्छेद कापून ठेवायला हरकत नाही.

याच वयात त्याला एक शिकवणी मिळाली. एका सरदार घराण्यातला मुलगा, ग्रेगोर नावाचा. मुलगा मंद नव्हता, पण प्रश्न समोर आला की सुरुवात कुठून करायची हेच त्याला सुचायचं नाही. पोल्याने त्याच्यासोबत तासन्‌तास घालवले. उत्तर सांगून उपयोग नाही, कारण पुढच्या प्रश्नाला हा पुन्हा तिथेच अडकणार, हे त्याच्या लक्षात आलं. मग मुलाच्या डोक्यात काय घडायला हवं, ते तो बारकाईने बघू लागला. पुढच्या सगळ्याची मुळं या शिकवणीत आहेत.

1912 साली डॉक्टरेट झाली आणि स्वारी जर्मनीत गटिंगेनला गेली. तेव्हा गणिताची पंढरीच होती ती. पण 1913च्या नाताळात एक भानगड झाली. रेल्वेत त्याची टोपली खाली पडली, त्यावरून समोरच्या तरुणाशी बाचाबाची झाली आणि पोल्याने त्याच्या कानाखाली वाजवली. तो तरुण निघाला गटिंगेनचाच विद्यार्थी, वर एका बड्या सरकारी माणसाचा मुलगा. विद्यापीठाने पोल्याला निघून जायला सांगितलं. शांतपणे प्रश्न सोडवायला शिकवणारा हाच का तो, असं वाटतं ना?

1914 साली झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात नोकरी मिळाली. आता ‘तो’ सोडून ‘सर’ म्हणू. ही जागा महत्त्वाची आहे, कारण तिथे पोल्यांसमोर भावी इंजिनिअर बसायचे. त्यांना सिद्धतेच्या सौंदर्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, समोरचा प्रश्न सुटण्याशी होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं. फुटबॉल खेळताना पायाला झालेल्या दुखापतीमुळे सैन्याने आधी त्यांना नाकारलं, पुढे माणसं कमी पडल्यावर बोलावलं, तेव्हा ते गेलेच नाहीत. त्यामुळे मायदेशाची दारं बंद झाली ती थेट 1967पर्यंत. स्वित्झर्लंडचं नागरिकत्व घेतलं, 1918 साली स्टेला वेबर यांच्याशी लग्न झालं आणि तो संसार 67 वर्षं टिकला.

झुरिकच्या काळातलं त्यांचं गणित इथे मांडायचं तर ही पुरवणी पुरणार नाही. एकच किस्सा सांगतो. जंगलात फिरताना त्यांना त्यांचा एक विद्यार्थी आणि त्याची वाग्दत्त वधू वारंवार समोर भेटू लागले. जोडप्याला वाटणार, सर मुद्दाम मागे लागलेत! ओशाळलेल्या पोल्यांनी घरी येऊन हिशोब मांडला, की वाट फुटेल तिकडे भटकणारा माणूस निघाल्या जागी परत येण्याची शक्यता किती? 1921 साली उत्तर छापून आलं. सपाट जमिनीवरच्या चौकोनी गल्ल्यांत असा माणूस कधी ना कधी परत येणारच. तेच तीन मितींत, म्हणजे वर-खालीही जाता येत असेल, तर तो परत येण्याची शक्यता फक्त 34 टक्क्यांच्या आसपास राहते. आपण असतो तर लाजून फिरायची वाट बदलली असती.

1925 साली गाबोर सेगे या मित्रासोबत त्यांनी विश्लेषण या शाखेतल्या प्रश्नांचे दोन खंड काढले. त्यांची मांडणी बघा. सगळी पुस्तकं विषयावर प्रकरणं पाडतात, यांनी प्रश्न लावले ते सोडवण्याच्या पद्धतीनुसार. सुरुवातीचे प्रश्न सोपे, मग थोडे अवघड, आणि आधीच्यांवरून पुढच्यांचा रस्ता आपोआप दिसावा अशी योजना. वाचणाऱ्याने पुस्तकातूनच सुचायला शिकावं, हा त्यामागचा डाव होता.

1940 साली युरोपात दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटलेला असताना ज्यू कुळातले पोल्या पत्नीसह अमेरिकेत गेले. दोन वर्षं ब्राऊन विद्यापीठ, थोडा काळ स्मिथ कॉलेज आणि 1942पासून कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड. येताना सामानात एका छोट्या पुस्तकाचा जर्मन खर्डा होता. इंग्रजीत आणल्यावर तो छापायला प्रकाशक सहज मिळेना. अखेर प्रिन्स्टन विद्यापीठाने 1945 साली ते छापलं. त्याचं नाव ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’. पुढे त्याच्या 10 लाखांहून अधिक प्रती खपल्या.

तुम्ही बी.एड. करत असाल तर यातल्या चार पायऱ्या तुम्हाला कदाचित पाठ असतील. प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती अमलात आणा, मागे वळून तपासा. वाचून तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, हे तर कुणीही सांगेल. खरंय. नुसत्या चार ओळी म्हणून बघितलं तर ते भिंतीवर लावायचं पोस्टर आहे. पुस्तकाचा जीव आहे शिक्षकाने मुलाला कधी काय विचारायचं, यात. त्यातलंच एक उदाहरण घेऊ. आकडे माझे.

तुमचा वर्ग 12 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे. जमिनीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या छताच्या कोपऱ्यापर्यंत सरळ दोरी ताणायची. दोरी किती लांब? मुलं गप्प. आता छात्राध्यापक काय करतो? दहा सेकंद वाट बघतो, मागे निरीक्षक बसलेत, पाठ टाचणातली वेळ संपत आलीय, म्हणून सांगून टाकतो, की पायथागोरस लावा. पोल्यांचं म्हणणं, ही मदत कुणाच्याच कामाची नाही. ज्याला जवळजवळ सुचलं होतं त्याचा आनंद हिरावला गेला. ज्याला काहीच सुचलं नव्हतं त्याला कळेना, की हा पायथागोरस मध्येच कुठून उपटला. आणि उद्याच्या प्रश्नासाठी दोघांच्याही हाती काही राहिलं नाही.

त्याऐवजी ते विचारायला सांगतात, की काय काढायचंय? दोरीची लांबी. लांबी काढायची असे प्रश्न आधी कधी सोडवलेत? हो, काटकोन त्रिकोणात कर्ण काढतो तेव्हा. मग इथे कुठे त्रिकोण दिसतोय का? नाही दिसत. दिसावा म्हणून एखादी रेघ मारता येईल? इथे कुणीतरी जमिनीवर कर्ण मारतं आणि खोली उजळते. 12 आणि 4 यांच्या वर्गांची बेरीज 160, त्यात 3चा वर्ग 9 मिळवला की 169, दोरी 13 मीटर. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. दिलेली तिन्ही मापं वापरली गेली का? उंची शून्य केली तर उत्तर जमिनीच्या कर्णाएवढं येतं का? लांबी-रुंदीची अदलाबदल केली तर उत्तर बदलायला नको, ते तसंच राहतं का? या शेवटच्या पायरीला आपले वर्ग सर्रास फाटा देतात आणि तिथेच खरी शिकवणी असते, असं पोल्यांचं मत होतं. मलाही तेच पटतं.

यातला एकही प्रश्न फक्त या खोलीपुरता नाही, हे बघितलंत का? काय काढायचंय, असं काही आधी सोडवलंय का, असे प्रश्न कुठल्याही गणिताला चालतात. म्हणूनच ते वारंवार ऐकून मुलाच्या अंगवळणी पडतात आणि एक दिवस मूल तेच प्रश्न स्वतःला विचारू लागतं. शिक्षकाची गरज तिथे संपते.

कम्प्युटर लॅबमध्ये हेच रोज घडतं. मुलीचा प्रोग्राम चालत नाहीये. सर येतात, कीबोर्ड स्वतःकडे ओढतात, दोन ओळी बदलतात, प्रोग्राम धावतो, सर पुढच्या टेबलाकडे. त्या मुलीला काय मिळालं? एक चालणारा प्रोग्राम. उद्या तुम्ही कोडिंग, रोबोटिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला उभे राहिलात तर हात मागे बांधून ठेवायला आधी शिकावं लागेल आणि ते भयंकर अवघड असतं. आउटपुट काय हवाय, इनपुट काय दिलाय, दोनच आकड्यांवर कागदावर करून बघितलंस का, असं विचारत थांबायचं. आता तर मोबाइलवर एका क्षणात तयार उत्तर देणारं यंत्र आहे. म्हणजे नुसतं उत्तर देणारा शिक्षक त्या शर्यतीत आधीच हरलाय.

1953 साली, वयाच्या पासष्टीत, पोल्या निवृत्त झाले आणि त्यांची दुसरी इनिंग सुरू झाली. 1957च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला. अमेरिका हादरली आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणावर सरकारी पैसा ओतला जाऊ लागला. स्टॅनफर्डमध्ये भरणाऱ्या अशा वर्गांना माध्यमिक शाळांचे शिक्षक यायचे आणि समोर पोल्या सर असायचे. त्यांची तक्रार सरळ होती. पोहायला शिकवणारा स्वतः कधी पाण्यात उतरलाच नसेल तर कसं चालेल? शिक्षक होणाऱ्याला कॉलेजात भरपूर माहिती मिळते, अध्यापनशास्त्राची व्याख्यानं मिळतात, पण स्वतः एखाद्या कठीण प्रश्नाशी चार दिवस झुंजण्याची संधी मिळत नाही. मग असा शिक्षक अडकलेल्या मुलाला काय समजणार?

म्हणून त्यांनी शिक्षकांसाठी प्रश्न सोडवण्याचं चर्चासत्र सुरू केलं. प्रत्येकाला वेगळा प्रश्न. फार विद्वत्ता लागणार नाही, शाळेचंच गणित पुरेल, पण डोकं चालवावं लागेल असा. आधी स्वतः सोडवायचा, नीट लिहायचा. मग छोट्या गटांत बसायचं. एकाने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी. शिक्षकाला आपल्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असतं, पण सांगायची बंदी! फक्त प्रश्न विचारत, सूचना देत बाकीच्यांना तिथवर न्यायचं. सुटलं की बाकीचे मित्रभावाने सांगणार, की तू इथे घाई केलीस, इथे सगळंच फोडलंस. तुमच्या सराव पाठांत निरीक्षक खडूचा रंग आणि फळ्यावरचं अक्षर बघतात. त्यासोबत हेही बघितलं गेलं तर किती बरं होईल! याच वर्गांतून 1962 आणि 1965 साली ‘मॅथेमॅटिकल डिस्कव्हरी’चे दोन खंड निघाले.

सर शिकवायचे कसे, हे बघायचं असेल तर 1960च्या दशकातली त्यांची एक फिल्म आहे. त्यात सत्तरी ओलांडलेले पोल्या कॉलेजच्या मुलांना सिद्धता शिकवत नाहीत, अंदाज बांधायला शिकवतात. पाच सपाट प्रतलं अवकाशात कशीही ठेवली, तर त्याचे जास्तीत जास्त किती तुकडे पडतील? सुरीने चीज कापतोय असं समजा. एका कापात 2, दोन कापांत 4, तीन कापांत 8. चौथ्याला? तुम्ही 16 म्हणालात ना? सगळेच म्हणतात. उत्तर आहे 15. अंदाज चुकला की सर खूश, कारण आता मुलांना उत्तराचं कुतूहल लागलं. मग ते सोप्या प्रश्नाकडे नेतात. कागदावर रेघा मारून बघा. एका रेघेने 2 भाग, दोनने 4, तीनने 7, चारने 11. आता 15 कुठून आले बघा. तीन कापांचे 8 आणि तीन रेघांचे 7 मिळून. असं का व्हावं? चौथा काप ज्या प्रतलात जातो, त्या प्रतलावर आधीचे तीन काप तीन रेघांसारखे दिसतात, त्या रेघा त्याचे 7 भाग करतात आणि प्रत्येक भाग एका जुन्या तुकड्याचे दोन करतो. पाच कापांचं उत्तर मी लिहीत नाहीये. सरांना आवडलं नसतं.

त्यांच्या या शिकवण्याचा एक धागा थेट तुमच्या कम्प्युटरपर्यंत येतो. 1940च्या दशकात स्टॅनफर्डला पदवीचं शिक्षण घेणारा अ‍ॅलन न्यूएल पोल्यांच्या वर्गात बसायचा. हमखास नसलेल्या, पण बऱ्याचदा उपयोगी पडणाऱ्या युक्त्यांना पोल्या जुना ग्रीक वळणाचा शब्द वापरायचे, ‘ह्यूरिस्टिक’. तो न्यूएलच्या मनात राहिला. पुढे न्यूएल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांनी 1950च्या दशकात तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम लिहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अगदी पहिल्या प्रोग्राम्समध्ये तो मोजला जातो.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. 1980च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळांत प्रश्न सोडवणं हे घोषवाक्य झालं, पोल्यांच्या चार पायऱ्या पाठ्यपुस्तकांत छापल्या गेल्या आणि मुलं त्याही पाठ करू लागली! अ‍ॅलन शोनफेल्ड या गणितज्ञाने वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवताना बघून दाखवून दिलं, की सोपं उदाहरण घेऊन बघ एवढं सांगून भागत नाही. कुठलं सोपं, ते कसं निवडायचं, आणि हा रस्ता चुकतोय हे ओळखून कधी मागे फिरायचं, हे सगळं वेगवेगळं शिकवावं लागतं. शोनफेल्ड स्वतः पोल्यांचे चाहते, त्यामुळे ही टीका घरातलीच. माझ्या मते दोष चार पायऱ्यांचा कमी आणि त्या पाच मार्कांच्या टिपेत कोंबणाऱ्यांचा जास्त. पोल्यांनी शिक्षकांना प्रश्नांशी झुंजायला बसवलं होतं, तो कष्टाचा भाग गळला आणि यादी तेवढी उरली.

सर मात्र थांबले नव्हते. 1978 साली, नव्वदी गाठलेली असताना, त्यांनी स्टॅनफर्डच्या संगणकशास्त्र विभागात एक कोर्स शिकवला. सोबत होते रॉबर्ट टार्जन, त्यांच्याहून साठ वर्षांनी लहान, अल्गोरिदमच्या जगात नाव कमावत असलेले. मोजण्याच्या पद्धती हा विषय, समोर कम्प्युटरची मुलं. त्या वर्गाची टिपणं 1983 साली पुस्तकरूपाने निघाली. दोन वर्षांनी, 7 सप्टेंबर 1985 रोजी, पालो आल्टोमध्ये पोल्या गेले. चीजचे पाच काप तुमच्याकडे बाकी आहेत. चार रेघांचे भाग किती ते वर दिलंय, कागद घ्या.